संयमसाठी उकळलेलं पाणी

संयमचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. मागनं कुणी म्हणायला नको, भरतनं लपवलं. जुन्नरच्या बाजारपेठेत सुभाषचंद शेठचं भुसार दुकान हाय, त्यांचा ह्यो नातू. घराणं जैन, मूळचं राजस्थानचं, पण हितं चार पिढ्या गेल्या. मराठी आपल्यासारखीच बोलतो, फक्त शिवी देत न्हाई. वय पस्तीस. सहा वर्षांमागं ह्या गड्याला शिवनेरीच्या पायऱ्या चढताना चार जागी टेकावं लागायचं. त्याची आई मोहनबाई शुगरनं गेली, आन् पुढच्याच महिन्यात डॉक्टरनं ह्यालाबी तसलाच रिपोर्ट हातात दिला. तवा ह्यो पहाटं उठून चालायला लागला.

चालणाऱ्याला पळायला शिकवलं कुणी? मी. दुसरं कोण शिकवणार? आमची वाडी डोंगरात, जुन्नर तालुका संपून आंबेगाव लागतो तिथं. सडक लांब खाली. सातवीत असल्यापासनं दुधाचं कॅन खांद्यावर घेऊन मी रोज त्यो डोंगर उतरलोय आन् शाळंची घंटा व्हायच्या आत पोचलोय. आता बायको आन् पोरगी हर्षालीला घेऊन जुन्नरला राहतो, डेअरीत कामाला हाय. वाडीवर माझी आई, साळुबाई, एकटीच असती, एक गाय घेऊन. दर रविवारी सरावाला मी वाडीवरनं जातो, आईच्या हातचं पाणी पितो आन् घड्याळ बघून पुढं निघतो.

तर ह्या संयमला मी सोबत न्यायला लागलो. ओल्या गवतावर पाय आडवा टाकायचा, निसरड्या कातळावर टाच टेकायची न्हाई, धुकं पडलं तर डोळ्यांवर न्हाई, गुरांच्या वाटंवर भरोसा ठेवायचा. सगळं शिकवलं, राव. दुकानात बसून पोट सुटलेला माणूस, कितीसा पळंल, असं मला वाटलं व्हतं. चुकलं माझं.

डिसेंबरात मढपासनं शिनोलीपर्यंत डोंगराडोंगरानं शर्यत असती, पन्नास किलोमीटर. चार वर्षं पयला नंबर माझा. डेअरीत मी कॅन धुतो, साहेब मला नावानं हाक मारत न्हाई, पण त्या एका दिवशी शिनोलीत माझं नाव माईकवर पुकारतात. माझ्यापाशी मिरवायला तेवढंच हाय. आन् मागल्या साली ह्यो बाबा माझ्यामागं फक्त चार मिनिटांनी आला. तवापासनं माझी झोप उडाली.

बरं, त्याचं नेम-धर्म बघावं तर कुणी म्हणंल ह्यो पळूच शकणार न्हाई. आई गेल्यापासनं त्यानं नेम घेतलाय. दिवस मावळला की तोंड बंद, ते सकाळी दिवस चांगला वर येईस्तोवर पाण्याचा थेंब न्हाई. कांदा-बटाटा न्हाई. आन् पाणी प्यायचं ते उकळून गार केलेलंच. डोंगरात झरा वाहत असला, जीव कासावीस झाला, तरी ह्यो नुसतं बघणार. शर्यतीत सगळे पहाटं साडेपाचला पाणी पिऊन निघतात, ह्यो कोरडाच निघतो. कोरडा राहून माझ्या पाठीला लागतो, ह्याचा मला जास्तच राग यायचा.

त्यातनं माझी आई. ती त्याला आधी शेटजी म्हणायची, मंग संयमभाऊ, आन् आता नुसतं ‘माझा संयम’. मला भरत्या. शर्यतीत तिसाव्या किलोमीटरला पाण्याचा थांबा आमच्याच पडवीत असतो. त्याच्या दोन बाटल्या तिथवरच पुरतात, हे आईनं त्याला विचारून घेतलं व्हतं. पुढचे वीस किलोमीटर त्याला तिच्या पाण्यावर काढायचे व्हते. ती म्हणली, मी उकळून ठेवते, तू काळजी करू नको.

यंदा शर्यतीच्या आदल्या दिवसापासनं अवकाळी सुरू झाला. वारा असा की मढला मंडपाचं कापड उडून शेतात पडलं. आयोजक म्हणले, रद्द करावी का? मीच पुढं व्हऊन नको म्हणलो. मला वाटलं, असल्या हवेत शेटजीचं काम न्हाई. पहाटं निघालो तवा बॅटरीच्या उजेडात पाऊस आडवा दिसत व्हता. पयल्या चढालाच निम्मे मागं पडले. मी जोर लावला. वर माळावर धुकं, दहा पावलांपलीकडं काय दिसायचं न्हाई. थांबून ऐकलं तर मागं पावलांचा आवाज. वळून न बघता मला कळलं कोण ते. माझीच पावलं ती, मीच शिकवलेली.

तीन तास त्यो माझ्या मागं. मी वाढवलं की त्यो वाढवायचा. एका उतारावर मी घसरलो, कोपर फुटलं, तर ह्यानं थांबून विचारलं, “भरतभाऊ, लागलं का?” आन् मी उठेस्तोवर उभा राहिला. पुढं निघून गेला असता तर बरं वाटलं असतं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. खिंडीच्या चढाला मात्र त्याचा दम कमी पडला आन् मला पाचेक मिनिटं मिळाली.

वाडीवर पोचलो तर पडवीत कुणी न्हाई. आयोजकांची दोन पोरं वर यायची व्हती, ती गाडी चिखलात रुतल्यानं खालीच अडकली. मागं गोठ्याचा पत्रा वाऱ्यानं वाजत व्हता आन् आई बुजलेल्या गाईला चुचकारत व्हती, तिचा आवाज येत व्हता. पडवीत सगळ्यांसाठी पिंप, पिंपावर तांब्या, ताटलीत गूळ-शेंगदाणे. आन् बाजूला पाटावर एक पातेलं. वरनं धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं, त्यावर झाकण, झाकणावर घासून लख्ख केलेला पेला. पाटाभवती चिमूटभर रांगोळी.

मी त्या रांगोळीकडंच बघत राहिलो. चार वर्षं मी पयला येतोय. चार वर्षांत माझ्यासाठी पिंपातला तांब्या. आन् दुसऱ्याच्या लेकासाठी ओल्या सरपणावर पहाटं उठून पाणी उकळायचं, गाळायचं, गार करायचं, वर रांगोळी! डोक्यात तिडीक गेली. मला त्याला मारायचं नव्हतं, देवाशपथ. फक्त मागं टाकायचं व्हतं. मी फडकं सोडलं आन् पातेलं आडवं केलं. पाणी सारवलेल्या जमिनीवरनं अंगणात गेलं. पातेलं अजून कोमट व्हतं. मी पिंपातलं पाणीबी न पिता पळालो.

शिनोलीत पोचलो तवा साडेबारा वाजले व्हते. माझं नाव माईकवर पुकारलं, गळ्यात पदक घातलं. मी वाटंकडं तोंड करून उभा राहिलो. दुसरा आला, तिसरा आला, त्यातला कुणी संयम नव्हता. एक वाजला, दीड वाजला. धुकं खाली उतरत व्हतं. तहानेनं पायात गोळे आले असतील, वाडीपलीकडच्या कड्याला पाय सरकला असंल, असलं न्हाई न्हाई ते मनात यायला लागलं. त्याच्या म्हाताऱ्या आजोबाला काय सांगू, असं झालं. पदक काढून खिशात घातलं.

सव्वादोनला त्यो आला. सतरावा. हसत. अंगात एक जुना तपकिरी स्वेटर. त्यो स्वेटर माझ्या बापाचा. बाप जाऊन सात वर्षं झाली, आईनं त्यो पेटीत ठेवलेला, मला कधी हातबी लावू दिला न्हाई.

जीव भांड्यात पडला आन् त्याच दमात परत जळायला लागला. संयमनं सगळं आपणहून सांगितलं. त्यो पोचला तर काकू, म्हंजी माझी आई, रिकामं पातेलं हातात घेऊन उभ्या. म्हणल्या, मांजरानं पाडलं, थांब, दुसरं उकळून देते. सरपण ओलं, वारा चुलीत शिरत व्हता, पाणी उकळून गार व्हायला दीड तास गेला. त्याला थंडी वाजत व्हती म्हणून चुलीपाशी बसवलं, स्वेटर दिला. माझा बाप लग्नानंतर पयल्यांदा तिला जुन्नरच्या बाजाराला घेऊन गेला तवा कसा हरवला, मी लहानपणी कॅनसकट ओढ्यात कसा पडलो, काय काय तिनं सांगितलं. बापाची ती गोष्ट मला ठावं नव्हती. संयम म्हणला, नंबर गेला खरा, पण आई गेल्यापासनं असं कुणापाशी बसलो नव्हतो.

आमच्याकडं मांजर न्हाई.

तसाच मोटरसायकल काढून वाडीच्या पायथ्याला गेलो आन् डोंगर चढलो. पाय उचलत नव्हते. आई चुलीपुढं बसली व्हती. पडवी नव्यानं सारवली व्हती. पयला आलास का, तिनं विचारलं. मी व्हय म्हणलो. पदक खिशातच राहिलं. शेवटी म्हणलो, आई, ते पाणी मीच सांडलं.

तिनं लाकूड आत सारलं. रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं.

“ठावं हाय मला,” ती म्हणली. “आधी लई वाईट वाटलं. पण तू सांडलंस म्हणून त्यो दीड तास माझ्यापाशी बसला. तुझा बाप गेल्यापासनं ह्या चुलीपाशी येवढा येळ कुणी बसलं न्हाई बघ.”

मी बूट काढले. तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालायला लागलो, तर तिनं बाहेरच्या उजेडाकडं बघितलं आन् तांब्या माझ्यापुढं धरला.

“घे, पाणी पी,” ती म्हणली. “आन् निघ आता. तुला येळ व्हत असंल.”