डोक्यावरची रेघ

मांडवीत गोपाळकृष्ण आगाशांचं घर विचारलं, तर लोक हमखास म्हणतात, "ते पत्तेवाले ना?" हे ऐकलं की आगाशांच्या कपाळाला आठी पडते. ते पत्ते नव्हेत, बेसबॉलची कार्डं आहेत. पुढं खेळाडूचं चित्र, मागं त्याची कामगिरी, आणि चित्रावर त्याची स्वतःच्या हातची सही. अमेरिकेत अशी कार्डं माणसं तिजोरीत ठेवतात. आगाशे ती स्टीलच्या कपाटात, पद्मजाबाईंच्या शालूंच्या वरच्या खणात ठेवतात. रत्नागिरीच्या हवेत कागदाला बुरशी धरायला चार दिवस पुरतात, म्हणून प्रत्येक कार्ड जाड पारदर्शक डबीत बंद, आणि डब्यांच्या मधूनमधून ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या. या पुड्या ते चपलांच्या दुकानातून मागून आणतात. एरवी कुणाशी गोड न बोलणारा एकाहत्तर वर्षांचा माणूस तेवढ्यासाठी चपलावाल्याच्या नातवंडांची चौकशी करतो, हे पद्मजाबाईंना अजून पचलेलं नाही.

आगाशे मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. जगभर फिरले आणि येताना इतरांनी घड्याळं, टेपरेकॉर्डर आणले तेव्हा यांनी हा छंद आणला. घरी आलेला पाहुणा चहा संपायच्या आत कार्डांसमोर बसवला जाई. "म्हणजे क्रिकेटच की," असं कुणी म्हणालं की त्याला दुसरा चहा मिळत नसे.

संग्रहात दोनशेवर कार्डं होती, पण जीव होता तो एका संचात. एक्याऐंशी सालचा पेलिकन्स नावाचा संघ, पंचवीस खेळाडू, पंचवीस सह्या. त्यातले निम्मे खेळाडू आता वारले आहेत. पत्रं पाठवून, दुसऱ्या हौशी माणसांशी अदलाबदल करून, पुढं लेक ऋजुता न्यू जर्सीला गेल्यावर तिला पिटाळून, आगाशांनी हा संच चाळीस वर्षांत पुरा केला होता. आणि आता तिकडच्या संग्राहकांच्या एका मंडळानं कळवलं होतं, की सगळ्या सह्या तपासून खऱ्या ठरल्या तर हा संच आम्ही आमच्या दालनात काचेच्या कपाटात मांडू. खाली पाटी: गोपाळकृष्ण आगाशे, रत्नागिरी. रत्नागिरीचं स्पेलिंग आगाशांनी खबरदारी म्हणून दोनदा कळवलं. आयुष्यात ना बढतीसाठी हा माणूस कुणाच्या दारात गेला ना मानपत्रासाठी, पण ही पाटी त्यांना हवी होती. अगदी लहान मुलाला हवी असते तशी हवी होती.

ऋजुतानं संच तिकडं नेऊन तपासणीला दिला. चोवीस सह्या खऱ्या ठरल्या. पंचविसावी राहिली होती, एमेट टटलची. खरं तर सगळ्यात पहिली हीच, आणि सगळ्यात मोठ्या नावाची. टटल पुढं फार गाजला.

तिची कथा पाहुण्यांना पाठ होती. जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरात लागलेलं. धक्क्याजवळच्या दुकानात शनिवारी टटल सह्या द्यायला येणार. आणि आगाशे नेमके तापानं फणफणलेले. तेव्हा त्यांचं कार्ड घेऊन गेला रामा गोताड, पालीकडचा खलाशी, आगाशांचा जहाजावरचा जिवाभावाचा माणूस. थंडीत तासन्‌तास रांगेत उभा राहिला आणि सही घेऊनच परतला. "आणि तो हा रामा," असं म्हणून आगाशे त्याच्याकडं बोट दाखवत. कारण रामा पुष्कळदा तिथंच बसलेला असे. दरवर्षी भात झोडून झालं की नव्या तांदळाची पिशवी घेऊन तो मांडवीला येई, चार दिवस राही. गोष्ट सुरू झाली की मात्र त्याला विहिरीवर काहीतरी काम आठवे.

"लाजतो," आगाशे म्हणत.

आठ वर्षांपूर्वी रामा यायचा बंद झाला. मुंबईत पोरगा कमावता झाला, आता कशाला आपली आठवण, असं म्हणून आगाशांनी तो विषय मिटवला. फोन त्यांनीही केला नाही. मानी माणसांचं असंच असतं, दोघंही दाराशी येऊन उभे राहतात आणि कडी कुणीच काढत नाही.

तपासणीचा अहवाल ऑक्टोबरच्या शेवटी ईमेलनं आला. आगाशांनी चष्मा पुसून वाचायला घेतला. सही टटलची नाही, असं पहिल्याच ओळीत होतं. पुढं कारणं. अक्षरं कार्डावर छापलेल्या नावाकडं पाहून सावकाश गिरवलेली दिसतात. आणि शेवटी तपासनिसानं जरा गोंधळून लिहिलं होतं: नाव पुरं झाल्यावर सगळ्या अक्षरांच्या डोक्याला टेकून, डावीकडून उजवीकडं एक सलग आडवी रेघ ओढली आहे. ही कशासाठी, याचा उलगडा होत नाही.

अमेरिकेतल्या माणसाला उलगडा होणार तरी कसा? आगाशांना मात्र एका क्षणात झाला. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या रामाला जहाजावर पगाराच्या कागदावर सही करता यावी म्हणून इंग्रजी अक्षरं त्यांनीच शिकवली होती. रामा नाव लिही, आणि मग वर टेचात रेघ मारी. "अरे, इंग्रजीला रेघ नसते," असं सांगून सांगून ते थकले होते. आणि तीच रेघ त्रेचाळीस वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. जन्मभर रेघेखालची अक्षरं वाचलेल्या डोळ्यांना रेघ वेगळी दिसतच नाही.

आधी त्यांना लाज वाटली. मग संताप आला, आणि तो संताप दोन दिवस घरभर फिरला. पद्मजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रामानं स्वतःच्या तोंडानं ती गोष्ट कधी सांगितलंन का हो?"

आगाशे उठले आणि कपाटातल्या पांढऱ्या पुड्या बदलत बसले.

ऋजुतानं तिकडं तोड काढली. टटलची खरी सही असलेलं तसंच दुसरं कार्ड एका गृहस्थाकडं होतं, आणि आगाशांच्या जादाच्या दोन कार्डांच्या बदल्यात तो द्यायला तयार होता. तेवढं बदललं की संच पुरा, पाटी लागणार. त्याला शुक्रवारपर्यंत होकार हवा होता. "आणि आपलं ते टाकून दे," आगाशे फोनवर म्हणाले. मात्र होकार देण्याआधी शुक्रवारीच त्यांनी गाडी काढली आणि हातखंब्यावरून पालीची वाट धरली. रामाच्या तोंडावर त्याला विचारायचं होतं.

रामा खळ्यात भात झोडत होता. दांडगा रामा आता वाळला होता. गाडी पाहून त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"सायबानू? वाट चुकलात काय?"

आगाशे बसले नाहीत. "रामा, टटलची सही तू केलीस?"

रामाची बायको सखू पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती पडवीच्या पायरीवरच थांबली. रामानं डोक्याचा पंचा सोडला, तोंड पुसलं.

"व्हय," तो म्हणाला. "कुनी सांगितलान?"

"अमेरिकेनं."

"येवढ्या लांबशी?"

"तू इंग्रजीच्या डोक्यावर रेघ मारलीस."

"मंग रेघ मारल्याबिगर नाव पुरा कसा व्हनार?"

एरवी आगाशे यावर तासभर हसले असते. "का केलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमाना आठवत नाय," रामा म्हणाला. "ताप उतरत नव्हता. बडबडत होतात. आवशीचा नाव नाय, बापाशीचा नाय, नुसता टटल टटल. सेकंड ऑफिसर मना बोल्ला, ही रात काढली तर खरा. मी सकालपासना रांगत हुबा होतो. माजा नंबर आला तवा त्या टटलनं घड्याळ बगितलान नि उठून गेला. दुकानवाल्यानं दार लावलान. मी मोकल्या हातानं कसा येवू? धक्क्याव एका खोक्याव बसलो. छापल्याला नाव बगून बगून आदी कागदाव काडला, मंग कार्डाव. तुमी ता मुठीत धरलात नि झोपलात. सकाली पेज मागितलात."

आगाशांना पेज आठवत होती. त्याआधीचं काही आठवत नव्हतं.

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"मुंबैत उतरल्याव सांगनार होतो. तवर तुमी सगल्या जहाजाला दाखवून झाला होता." रामा खाली बघून पायानं दाणे सारू लागला. "मंग तुमच्याकडं आलो की कोनतरी पावना असायचाच. तुमी कार्ड काडायचात नि मना पुडं करायचात, ह्यानं आनलान म्हनून. मानसा माज्याकडं बगायची. दरसाली चोरी पकडल्यासारका वाटायचा. शेवटाला म्हटला, जायाचाच नको."

सखू पायरीवरून म्हणाली, "दरसाली पिशवी भरून ठेवीत, दादानू. मंग शेजाऱ्याला देत."

आगाशे खळ्याच्या कडेला भाताच्या पोत्यावर बसले. ते आले होते ते फसवलं गेलेला माणूस म्हणून. आठ वर्षं तांदळाची पिशवी भरून ठेवणारा रामा आणि आठ वर्षं त्याला मिजासखोर म्हणणारे आपण, हे दोघं त्यांना एकदम समोर दिसले, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. कौतुक कौतुक म्हणून आपण या माणसाला दरवर्षी चारचौघांत उभा करत होतो. त्याच्या चेहऱ्याकडं मात्र एकदाही नीट पाहिलं नाही.

खिशातला फोन वाजला. ऋजुता होती. तिकडं सकाळ झाली होती.

"बाबा, त्या गृहस्थांना हो कळवू ना? ते वाट बघतायत."

"नको म्हणून सांग," आगाशे म्हणाले.

"अहो, पण मग संच अपुरा ठरेल. मंडळ घेणार नाही."

"नाही घेणार. आणि ते आपलं कार्ड टाकलं नाहीस ना?"

"नाही अजून."

"टाकू नकोस. येताना पर्समध्ये नीट ठेवून आण."

फोनवरचं बोलणं मराठीत होतं, त्यामुळं आपल्या कार्डापायी काहीतरी हातचं गेलं, एवढं रामाला समजलं. काय ते त्यानं खोदून विचारलं. आगाशांनी संच, मंडळ, काचेचं कपाट आणि पाटी, सगळं खरं ते सांगितलं.

"माज्यापायी गेला म्हना," रामा म्हणाला.

"हो, गेलं. मला ती पाटी हवी होती, रामा. दोन रात्री झोप नाही लागली," आगाशे म्हणाले. असलं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पण तू आठ वर्षं आला नाहीस, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ते मी कुणाला बोललो नाही, पद्मजालासुद्धा नाही. भात झोडून झालं की ये. कार्ड मी कुणाला दाखवणार नाही."

"दाकवा की," रामा म्हणाला. "पन सांगायचा मी. खरा काय ता."

"तू सांग."

"कंदी येवू?"

"तुझं आवरलं की ये. घाई नाही."

रामानं खळ्याकडं पाहिलं. अर्ध्याहून जास्त पेंढ्या झोडायच्या राहिल्या होत्या. सखूनं खुंटीवरचा सदरा आणून त्याच्या हातात दिला. आगाशे पाण्याचा तांब्या रिकामा करून चपला शोधेपर्यंत रामा गाडीत जाऊन बसला होता.