आबांचा समेट

नवरा-बायकोचं भांडण आलं की सुभेदार आबा आधी चहा सांगायचे, पण एकच कप. अर्धा नवऱ्याला कपात, अर्धा बायकोला बशीत. दोघांनी तो प्यायला की भांडण मिटलं असं धरायचं. फौजेतून निवृत्त झालेले आबा साताऱ्याजवळच्या आमच्या गावात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि मी ग्रामपंचायतीतली कारकून, त्यांचे समेट वहीत लिहिणारी. "संसार हाय, भांड्याला भांडं लागायचंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मारहाण हा शब्द त्यांच्या तोंडी कधी येत नसे. नवरा "जरा तापट" असायचा, एवढंच. मीही लिहायची, किरकोळ घरगुती वाद. माणूस मात्र मायाळू. बांधाच्या एका तंट्यात त्यांनी स्वतःची हातभर जमीन सोडून दिलेली मी पाहिली आहे.

सविता तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. चहाच्या बशीला तिने हात लावला नाही.

"आबा, ह्या बारीला धाडू नगासा. त्यो मला जित्ती ठेवायचा न्हाई."

"असं वंगाळ बोलू ने, पोरी. वास्तू तथास्तु म्हनती."

आबांनी बायकोकडून तिची ओटी भरवली आणि स्वतःच्या गाडीतून तिला सासरी सोडलं. वहीत मी लिहिलं नेहमीचंच.

ऊसतोडीच्या दिवसांत सविता विहिरीत सापडली. पाय घसरला, असं गाव म्हणालं. पोलिसांनी आमची वही मागवली. तिन्ही नोंदी माझ्या सुवाच्य अक्षरात, किरकोळ. आबा दोनदा ठाण्यात जाऊन तिचं बोलणं सांगून आले, पण साहेबांनी वहीवर बोट ठेवलं. आबांनी समिती सोडली. मला त्यांचा राग येत होता आणि स्वतःची लाज वाटत होती.

वर्ष सरायच्या आत मिरजेकडचा एक बाप सविताच्या नवऱ्याच्या स्थळाची चौकशी करायला आबांकडे आला. आमच्याकडे जुळत आलेलं लग्न मोडणं पाप समजतात. मी तिथेच बसले होते.

"त्यो बायकूला मारायचा," आबा त्याला म्हणाले. "लय मारायचा. तिनं मला सांगितलं हुतं, आन् मी तिला परत धाडली. तुमी पोरगी दिऊ नगासा."

बापाने टोपी सारखी केली. उलट आबांचीच समजूत काढावी तशा सुरात तो म्हणाला, "पयली जरा तोंडाळ हुती म्हनं. आमची पोर गरीब हाय. उलट बोलायची न्हाई."

साखरपुडा पुढच्याच रविवारी झाला.