विस्तव न धरणारं पान

गोदावरीचा पूर ओसरला की सिरोंच्याजवळच्या बेटावर नवा गाळ साचायचा आणि जुने बांध पुसले जायचे. कोणाचा तंबाखू कुठवर, हे मग काठ्या ठरवायच्या. अशाच एका भांडणात सुशीलच्या काकाने हरिहरच्या बापाचं डोकं फोडलं. हरिहरने काकाला तिथेच विळ्याने कापलं. साक्षीदार फिरले, तो सुटला. पण सुशीलच्या भावांनी सांगून ठेवलं, "गावात दिसलास तर त्याच गाळात पुरू."

हरिहर सौदीला पळाला. हुफूफजवळच्या खजुराच्या बागेत राबू लागला. त्याच्या कफीलला, म्हणजे बागेच्या मालकाला, चिरुटांचा शौक होता. त्याने कालव्यांमधली एक पट्टी हरिहरला दिली. "पान जमलं तर इकामा वाढवतो, आणखी राहा इथे. नाहीतर घरी."

बेटावर तंबाखूला गाळातली ओल पुरायची. इथे नुसती वाळू. हरिहर बोअरचं खारं पाणी देत राहिला. पानं हातभर वाढली, पत्र्याच्या शेडमध्ये टांगल्यावर तांबूस वाळली. चिरूट व्हावेत अशीच दिसत होती.

त्याच सुमारास बागेत नवा मजूर आला. सुशील.

एका दुपारी हरिहर शेडमध्ये पानं उलटत असताना बाहेरून कडी लागली. डिझेलमध्ये भिजवलेला पेटता बोळा खिडकीच्या गजांतून आत पडला.

"काका आठवतो का रे, हऱ्या?"

हरिहर दारावर खांदे आपटत राहिला. खांदा सोलून निघाला. पानांच्या कडा लाल झाल्या, काळ्या पडल्या आणि विझल्या. बोळा जळून संपला, तरी एकही पान पेटलं नव्हतं. खोकता खोकता त्याने एक पान निखाऱ्यावर धरलं. तेही विझलं. पाण्यातलं मीठ पानात उतरलं होतं; असं पान विस्तव धरत नाही. जीव वाचला होता आणि पीक गेलं होतं.

धूर विरळ झाल्यावर कोपऱ्यातली पहार दिसली; ती घेऊन त्याने बिजागरी उखडली. सुशील पळायच्या आत पहार त्याच्या तोंडावर बसली. दात वाळूत पडले.

आरडाओरडा ऐकून कफील आला. काळवंडलेला पत्रा पाहिला, रक्त पाहिलं. मग एक पान गुंडाळून लायटर लावला. विझलं. पुन्हा लावला. विझलं.

"खलास," तो म्हणाला. "दोघेही. यल्ला, इंडिया." तो त्याच्याकडे जमा असलेले दोघांचे पासपोर्ट आणायला घराकडे वळला.

सुशील रक्त थुंकत हसला. "बरं झालं, हऱ्या. एकाच विमानाने जाऊ. भाऊ येतील घ्यायला."

हरिहरने पहार पुन्हा उचलली. या वेळी त्याने डोक्याचा नेम धरला.