ऐंशी विषयांची मागणी

तीन दिवस धुळीचा वारा सुटला होता. शुक्रवारी सकाळी तो जरा दमला, तसा मुनव्वर ओलं फडकं घेऊन खिडक्यांच्या फटी पुसायला बसला. आखाती किनाऱ्यावरच्या फिंतास गावातल्या त्या दोन खोल्यांपासून समुद्र हाकेवर. पण दाताखाली कचकचायची ती रेतीच. फडकं पिळलं की बालदीत चहाच्या रंगाचं पाणी.

मुनव्वर दापोलीकडचा. बावन्न साली बोटीनं उतरला तो पाठीवर गोणी वाहायला. चौदा वर्षांत तेलकंपनीच्या गोदामाचा स्टोअरकीपर झाला. शिक्षण सातवी, पण कुठला वायसर कुठल्या फळीवर, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

"अब्बा, व्हॉट इज धिस?" लेक नूरबानू हातात पत्र घेऊन उभी. बैरूतच्या मुलींच्या कॉलेजनं तिला जीवशास्त्रासाठी जागा देऊ केली होती. चार वर्षांत काय काय शिकणार, त्याचा आराखडा तेवढा मागितला होता. तिनं चाळीस विषय लिहिले. "हाफिसात टाईप करून धाडतो" म्हणत बापानं कागद नेला, तो परस्पर रवानाही झाला.

"अब्बा, यात ऐंशी विषय आहेत! ते म्हणतात, इतकं कुणालाच झेपायचं नाही. महिनाअखेरीस तुमच्या सहीचा नवा आराखडा पोचला नाही तर जागा दुसरीला."

मुनव्वरचा हात थांबला. "अगो, मागणीतलं निम्मं कापतात हाफिसवाले! वीस हातमोजे मागितले का धा येतात. चौदा वर्सं बघतोय मी."

स्टोव्हपाशी त्याच्या बायकोला, फखरुन्निसाला हसू आवरेना. "अवो, मग माझ्या बापाकडं दोन पोरी मागितलेल्या काय तुम्ही?"

"तू गप गो." मुनव्वर ओशाळला. पोरीची जागा आपल्याच हुशारीनं जायची, हे आता कुठं त्याच्या डोक्यात शिरलं. तरी मनातली सल बाहेर आलीच. "तुझ्या चाळिसांत जीवशास्त्राचे सोळाच होते. बाकी कविता, इतिहास, चित्रकला! जीवशास्त्र शिकाया चाललीस का उरसात? म्हणून मी कॉलेजच्या माहितीपुस्तकातलं सगळं जीवशास्त्र भरलं."

"तिथं असंच असतं, अब्बा. एक विषय मुख्य, त्याला मेजर म्हणतात. बाकीचे आजूबाजूचे. आधी रसायन झाल्याशिवाय पुढचं जीवशास्त्र देतसुद्धा नाहीत."

हे मात्र त्याला पटलं. गेल्या साली एका साहेबानं पंप मागवला नि त्यात बसवायचं पॅकिंग मागवायला विसरला. पंप तीन महिने उन्हात पडून होता. मुनव्वरनं चटई अंथरली, पेन्सिल घेतली आणि बापलेक कापायला बसले. रसायन राहिलं. गणित राहिलं. इतिहासावर तो घुटमळला, मग तोही राहू दिला. चित्रकलेवर मात्र त्यानं पेन्सिल टेकवली.

"ही नको. चित्रं काढून पोट भरतं काय कुणाचं?"

नूरबानू उठली. तिनं वही आणून उघडली. पानभर कोळंबी, पायांची एकेक जोडी, प्रत्येक सांधा वेगळा. मुनव्वरचं लहानपण हर्णैच्या बंदरात मामाकडं कोळंबी सोलण्यात गेलेलं. त्यानं चष्मा चढवला.

"ह्यो तिसरा पाय वाकडा. आतल्या अंगाला वळतो तो."

"मला ठाऊक आहे. दिसतो, पण हातातून उतरत नाही."

त्यानं त्या पायावरून बोट फिरवलं. मग पेन्सिल चित्रकलेवरून पुढं सरकवून खालची 'प्रगत कवकशास्त्र' ही ओळ खोडली. ते काय असतं, हे त्याला सांगता आलं नसतं. मागणीत मात्र त्यानंच घातलं होतं.

"मोज."

"चाळीस."

"बरोब्बर चाळीस? एखादा जास्त टाकू गो?"

"अब्बा!"

"बरं, बरं." नूरबानूनं यादी नव्या कागदावर उतरवली, तशी त्यानं शाईचं पेन घेऊन गुडघ्यावर कागद धरून सही केली, अक्षर अन् अक्षर कोरून. नूरबानूनं शाई फुंकून वाळवली आणि कागद छातीशी धरला.

खाली गोड्या पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. "अवो, पाणी!" फखरुन्निसा ओरडली. मुनव्वरनं लुंगी खोचली, रबरी नळीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला.