एका चिन्हाची चूक

काल बोरगाव मेघेत सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापली आणि मला बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचे केंद्र आठवले. प्रश्न सोपा होता: वायूला पन्नास जूल उष्णता दिली, शिवाय तो दाबून त्याच्यावर वीस जूल कार्य केले, आंतरिक ऊर्जा किती वाढली? वायूवर केलेले कार्य रसायनशास्त्रात धन धरून उष्णतेत मिळवतात, भौतिकशास्त्रात ऋण धरून उष्णतेतून वजा करतात; उत्तर दोन्हीकडे एकच. मी एकाचे चिन्ह दुसऱ्याच्या सूत्रात घालून सत्तरऐवजी तीस लिहिले.

फाटकाबाहेर बाबा उभे होते. “काऊन रडून राह्यली, बाई?”

“दोन सरांचे दोन नियम, बाबा. गोंधळले.”

“मंग तुह्या सरायनं आधी आपसात ठरवून घ्याचं नाई का?”

मला हसू आले नाही. पुढे त्या एका प्रश्नाच्या गुणांनीच जागा हुकली. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. दाबलेल्या वायूची ऊर्जा वाढणार, हेही मला ठाऊक होते. तरीही मी वायूचा विचार सोडून सूत्रावर विश्वास ठेवला.