दोरीच्या आत पाय नाही

पावसात पोटावर आडवं पडून गवताच्या काड्या ओळखायचं काम असलं, की हात अडकलेले आणि तोंड मोकळं. तोंड मोकळं राहिलं की किस्से साचतात. आमच्या टीममध्ये तर रोपांपेक्षा किस्सेच जोमाने वाढले. रोपं उगवायचीच नाहीत, मग करणार काय! आता ती टीम राहिली नाही. प्रोजेक्ट बंद पडला, एक माणूस तर कायमचाच गेला. पण परवा युट्रेख्टला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, "तू इथे आल्यावर पहिली नोकरी कसली केलीस गं?" आणि मी जी सुरू झाले, ती बटाटेवडे संपले तरी थांबले नाही.

* * *

साल दोन हजार चार. नवरा, प्रसाद, आयटीवाला, परमिटवर आर्नहेम या डच गावी आलेला. मी त्याची डिपेंडंट. बॅगेत पुण्याची बॉटनीची एम.एस्सी. आणि प्रेशर कुकर. गावाच्या उत्तरेला हेदर नावाच्या झुडपाची माळरानं आहेत, ऑगस्टमध्ये जांभळी होणारी. निदान पूर्वी व्हायची. मग तिथे नुसतं गवत माजलं. जुनी झाडं परत आणता येतात का, हे बघणाऱ्या टीममध्ये मला फील्ड असिस्टंटचं काम मिळालं. टीम म्हणजे आम्ही तिघंच. हार्मेन हा साठीला टेकलेला बॉस, मराइके ही त्याची जुनी सहकारी, आणि मी. मी हार्मेनला "सर" म्हटलं की तो मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून! शेवटी कंटाळून मीही सगळ्यांसारखी अरे-तुरेवर आले.

पहिल्याच दिवशी बघते तर एका नव्या तुकड्यावर मशीनने वरची काळी माती खरवडून ट्रकमध्ये भरत होते. खाली उरली पांढरट वाळू. माझ्या बाबांची कराडला नर्सरी, मी शेणखताच्या वासात वाढलेली. मी आपलं विचारलं, "मग आता खत कधी घालायचं?"

मराइकेच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. हार्मेनने शांतपणे समजावलं, "ही माती फार श्रीमंत झालीय. आजूबाजूच्या गोठ्यांमधून इतका नायट्रोजन हवेत जातो, की इथे पावसाबरोबर खत पडतं. गवताची चैन होते आणि नाजूक झाडं मरतात. आपलं काम मातीला पुन्हा गरीब करायचं."

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. तू जेवतेस ना वेळेवर?"

* * *

आमचा एकच नियम होता. प्रत्येक प्लॉटला चार खुंट्या, भोवती दोरी, आणि दोरीच्या आत पाय नाही. विटांवर ॲल्युमिनियमची शिडी आडवी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं आणि तरंगत रोपं मोजायची. रात्री बरगड्यांवर शिडीच्या पायऱ्या उमटलेल्या असायच्या.

एकदा ग्रँट देणाऱ्या ऑफिसातून एक साहेब पाहणीला आले. पुढे पैसे द्यायचे की नाही, ते त्यांच्या हातात होतं. हातवारे करत बोलता बोलता ते मागे सरकले आणि चकचकीत बुटांसकट दोरीच्या आत! मी डोळेच मिटले. मराइके अदबीने म्हणाली, "मेनेर, तुम्ही माझ्या तरुणपणावर उभे आहात."

साहेब उडी मारून बाहेर आले. पुढच्या महिन्यात पत्र आलं, की अजून दोन सीझन आणि मग प्रोजेक्ट बंद. मराइके दोन दिवस स्वतःला दोष देत होती. हार्मेन म्हणाला, "तू काही बोलली नसतीस तरी हेच झालं असतं. तो माणूस घरून निघतानाच ठरवून आला होता." हे ऐकून तिला बरं वाटेल, असं त्याला का वाटलं, कोण जाणे.

* * *

हार्मेनचा जीव अडकला होता बर्चच्या झाडाजवळ त्याने आणि मराइकेने तरुणपणी आखलेल्या पहिल्या प्लॉटमध्ये. त्याच्या लहानपणी तिथे निळी जेन्शियन फुलायची. बोटभर लांब, घंटेसारखं फूल. मग गवत आलं आणि ती गेली. तिचं बी अजून मातीत जिवंत आहे, वरचा थर काढला की ती येणार, अशी त्याची श्रद्धा! मराइकेच्या मते ते बी कधीच मेलं होतं. हे ती मला सांगायची, त्याला नाही.

जेन्शियन ऑगस्टमध्ये फुलायला लागते. म्हणून हार्मेनने लग्न झाल्यापासून ऑगस्टमध्ये कधी सुट्टी घेतली नाही. त्याची बायको टीनेके एकटीच गाडी घेऊन फ्रान्सला जायची आणि तिथून फोन करायची.

"आली का ती?"

"नाही."

"मग मी अजून आठवडाभर राहते."

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे ही सवतच की!" मी टीनेकेला त्या शब्दाचा अर्थ समजावला. तिला तो इतका पटला की तिने तो पाठच केला. पुढच्या ऑगस्टमध्ये फ्रान्सहून फोन, "सवत आली?" हार्मेन हसला खरा, पण फोन ठेवल्यावर बर्चकडे बघत बसला.

* * *

त्याच सासूबाई आमच्या पहिल्या गणपतीला इथे होत्या. विसर्जन बादलीत उरकलं, पण निर्माल्याचं काय? कालव्यात टाकावं तर दंड होईल म्हणून प्रसाद घाबरलेला. कचऱ्याच्या डब्याचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "देवाची फुलं कचऱ्यात? शोभतं का?" रविवारी आम्ही त्यांना माळरानावर फिरायला नेलं. येताना त्यांच्या हातातली पिशवी रिकामी होती. ते आमच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये मराइके ओरडत आली, "कोणीतरी कडेच्या प्लॉटमध्ये काहीतरी पेरलंय!" मी शिडीवर पालथी पडले, एक पान चुरगळून वास घेतला. झेंडू!

पुण्याला फोन लावला. सासूबाई अजिबात गडबडल्या नाहीत. "अगं, सगळ्या रानात तेवढीच जागा स्वच्छ राखलेली. भोवती दोरीसुद्धा बांधलेली. मला वाटलं, देवाचीच जागा असणार."

मी ते दोघांना सांगितलं. मराइके नोंदवही धरून, पेन उघडून उभी. "कारण काय लिहू?"

हार्मेन म्हणाला, "लिही, झेंडू. देवाने आणला."

आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला. आम्हीही हसत होतो, खोकला थांबायची वाट बघत. तो थांबेना. शेवटी हार्मेन शिडीवर बसला आणि आम्ही हसायचं बंद केलं. जाताना त्याने ती रोपं उपटून दह्याच्या डब्यात लावून घरी नेली. टाकवत नाहीत म्हणाला.

* * *

इथले डॉक्टर आधी पॅरासिटामॉल देतात, मग विचार करतात. विचार होईपर्यंत पुढचा वसंत उजाडला होता आणि फुप्फुसात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हार्मेनची कॉट घरच्या बैठकीत खिडकीशी लावलेली. खिडकीत आदल्या वर्षीच्या झेंडूचं बी धरून लावलेली नवी कुंडी. मी मऊ वरणभात करून न्यायचे. तो दोन घास खायचा आणि खूप बोलायचा.

एकदा मराइकेला आणि मला समोर बसवून म्हणाला, "माझी राख प्लॉटमध्ये टाकायची नाही. राखेत चुना असतो, फॉस्फेट असतं. मेल्यावर मी म्हणजे निव्वळ खताचं पोतं! पार्किंगजवळ ती खाजरी झुडपं माजलीत ना, तिथे टाका. तिथली माती आधीच बिघडलेली आहे." मराइकेने मान हलवून वचन दिलं. मला हसावं की रडावं कळेना.

आत स्वयंपाकघरात टीनेकेने ताटली जरा जोरातच ठेवली. मी निघाले तेव्हा माझा कोट हातात देत ती दाराशी म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." आणि खरंच कुणी विचारलं नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

* * *

हार्मेन जुलैच्या शेवटी गेला. इथे राख महिनाभराने मिळते. सप्टेंबर उजाडला होता, माळावर थोडी हेदर जांभळी झाली होती. प्रोजेक्टचा शेवटचा सीझन, पण त्या गडबडीत पहिल्या प्लॉटची मोजणी राहूनच गेलेली. आम्ही तिघी पार्किंगमध्ये उतरलो. मराइके ठरल्याप्रमाणे खाजऱ्या झुडपांपाशी थांबली.

टीनेके थांबली नाही. राखेचा डबा काखेत धरून ती सरळ बर्चच्या दिशेने चालत सुटली. आम्ही मागे पळालो.

"टीनेके! दोरी!" मराइके ओरडली.

"दिसतेय मला दोरी," टीनेके म्हणाली. "सगळा संसार मी या दोरीच्या बाहेर उभी राहून केला."

तिने पाय उचलला आणि बुटांसकट आत गेली. मधोमध उभी राहिली आणि डब्याचं झाकण फिरवायला लागली. साहेबाला न सोडणारी मराइके दोरीपाशीच थांबली. ती नुसती खाली बघत होती, प्लॉटमध्ये.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "टीनेके, हलू नकोस. डाव्या पायाशी बघ."

मीही वाकून बघितलं. वाळूत एक बारीक देठ आणि त्यावर एकच निळं फूल. मी ते आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं. मराइके दोरीच्या बाहेर गुडघ्यांवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

टीनेके वाकली.

"ही का सवत?" तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं.

तिने झाकण पुन्हा घट्ट लावलं. आपल्याच बुटांच्या ठशांवर पाय ठेवत दोरीच्या बाहेर आली. मराइकेला हात देऊन उठवलं.

"चला," ती म्हणाली, "पार्किंगला."