दादाचा उजळलेला रंग

हिंगण्याला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. दादा त्यातल्या एकात लागला आणि वर्षभरात गोरा झाला. धरमपेठेतल्या आमच्या घरी येणारी प्रत्येक बाई तेच बोलायची.

"काय उजळला गा तू! सावलीतली नोकरी मानवली तुले," शेजारच्या काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "हिलेही ने गा तुह्या कंपनीत. लग्नाच्या बाजारात असा रंग घेऊन कुठं जाईन हे?"

सगळे हसले. मीही हसले. आतून मात्र जळत होते. दूध-हळद मी लावायची आणि उजळायचा तो! त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे सारखी बघत राहिले, त्या रंगात काही खोट सापडते का म्हणून.

सापडली. त्याची नखं कागदासारखी पांढरी होती. ओठांना रंग नव्हता. कूलरमध्ये पाणी भरताना दुसऱ्या बादलीलाच तो भिंतीला टेकायचा, छाती धडधडते म्हणायचा. पन्ह्यासाठी आणलेला बर्फ कडाकडा चावून संपवायचा. शाळेच्या पुस्तकात ॲनिमियावर धडा होता, पण त्यातलं चित्र बाईचं होतं.

एका दुपारी मी त्याला खालची पापणी ओढून दाखवायला लावली. आतून जवळजवळ पांढरी. आरशात बघितलं तर माझी चांगली लाल. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. मग भीती वाटली.

"दादा, तुझ्या अंगात रक्त कमी आहे."

"मले? येडी झाली काय वं! ते तं बायाइले होते."

पुरुषाला होतं तेव्हा बहुतेक रक्त कुठून तरी जात असतं, एवढं मी वाचलं होतं. पण पुढचा प्रश्न मराठीत माझ्या तोंडून निघेना. शेवटी वहीच्या कागदावर इंग्रजीत लिहून दिला: शौचाला काळी होते का? तो वाचून लाजला, पण त्याचे कान लाल झाले नाहीत.

"दोन-तीन महिने झाले," तो हळूच म्हणाला. "आईले सांगू नको." पाठ दुखते म्हणून तो रोज उपाशीपोटी गोळ्या घेत होता.

मी लगेच आईला सांगितलं. त्या गोळ्यांनी पोटात झालेल्या जखमेतून रक्त जात होतं. दवाखान्यात त्याला दोन बाटल्या रक्त चढवलं.

"अजून महिनाभर काढला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. "कोणाच्या लक्षात आलं हे?"

"मायची नजर असते जी," आई म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मला आईचा इतका हेवा वाटला की डोळे भरून आले. मी पाहिलं, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण मग डॉक्टरांनी विचारलं असतं, तुला कसं दिसलं? आणि त्याचं खरं उत्तर दादासमोर द्यायची माझी हिंमत नव्हती.